सापाची ‘लस’ आणि कुत्र्याची ‘लस’ एक नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानावर दरवर्षी एक ठरावीक बातमी येते. अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘सर्पदंशाची लस’ नव्हती, त्यामुळे रुग्णाला पुण्याला हलवावे लागले. यंदाही ती आली. बातमीतील तक्रार खरी असणार याबद्दल मला शंका नाही. जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून मी जवळजवळ तीस वर्षे काढली आहेत आणि ऐन जुलै महिन्यात रिकामे झालेले कपाट कसे दिसते ते मला ठाऊक आहे. माझी हरकत बातमीतील एका शब्दाला आहे. सापाच्या विषावर जे दिले जाते ती लस नव्हे. निवृत्त बाईंना रिकामपणी शब्दांचा कीस काढायला सुचते आहे, असे कोणाला वाटेल, म्हणून आधीच सांगते की या एका शब्दाच्या घोळामुळे उपचार अर्धवट राहिलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतले एक माझ्या घरातले होते.

लस घेतल्यावर आपल्या शरीराला एखाद्या जंतूची ओळख होते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, ते स्वतः घडवू लागते. या घडणावळीला एक-दोन आठवडे लागतात, पण एकदा विद्या अंगी आली की ती बराच काळ टिकते. सापाच्या विषावरील इंजेक्शनात याच्या उलट प्रकार असतो. त्यात दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे आयती दिलेली असतात. ती शिरेतून आत गेल्याबरोबर कामाला लागतात आणि काही दिवसांत शरीरातून निघूनही जातात. मागे कोणतीही शिकवण ठेवत नाहीत. भाताच्या लावणीआधी गावातली जाणती मंडळी दवाखान्यात येऊन ‘बाई, आमच्या सगळ्या बाया-बापड्यांना सापाची लस आधीच टोचून ठेवा’ अशी विनंती करायची, आणि गेल्या वर्षी पान लागलेला माणूस पुन्हा दंश झाल्यावर ‘मला मागेच लस झाली आहे’ म्हणून घरी बसून राहायचा, तेव्हा चूक त्यांची नव्हती. आम्हीच, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, वर्तमानपत्रे आणि आमच्या भांडाराच्या नोंदवहीनेही, त्यांना ‘लस’ हा शब्द शिकवला होता. याला मराठीत प्रतिविष म्हणता येते. शब्द थोडा पुस्तकी आहे, पण निदान खोटा नाही.

आयत्या प्रतिपिंडांचा हा उपचार जुना आहे. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की धनुर्वात किंवा घटसर्पाच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचे रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळे होणारे पाणी, दुसऱ्या प्राण्याला टोचले तर तोही वाचतो. वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेहरिंग यांना मिळाले ते याच कामासाठी. आपल्या पूर्वजांनी त्या घशाच्या रोगाला घटसर्प असे नाव देऊन ठेवले होते आणि पुढच्या चार-पाच वर्षांतच फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी तोच उपाय खऱ्या सर्पाच्या, नागाच्या, विषावर लागू केला, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. तेव्हा घोडा या कामाला जुंपला गेला तो आजतागायत सुटलेला नाही. घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टोचतात, ती काही महिन्यांत हळूहळू वाढवत नेतात, मग त्याचे रक्त काढून त्यातला रक्तद्रव वेगळा करतात, तांबड्या पेशी त्याला परत देतात, प्रतिपिंडाचा नको असलेला भाग पेप्सिन या पाचक रसाने तोडून टाकतात आणि उरलेले शुद्ध करून, गोठवून, वाळवून पांढरी भुकटी कुपीत भरतात.

आणि हे सगळे आपल्या अंगणात चालते, हे पुणेकरांना फारसे माहीत नसते. घोड्यांच्या रक्तद्रवापासून औषधे बनवणारा हाफकिन महामंडळाचा विभाग पिंपरीत आहे. प्रतिविष बनवणारा एक कारखाना जुन्नर तालुक्यात नारायणगावला आहे आणि तेथील माल आफ्रिकेपर्यंत जातो. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली उभी राहिली तीही घोड्यांमुळेच. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला दिले जात, त्यातून हा उद्योग सुचला. तिच्या नावातला ‘सीरम’ म्हणजे हेच रक्तजल. ज्या जिल्ह्यात ही भुकटी तयार होते त्याच जिल्ह्यातील वेल्हे, भोर, मुळशी, मावळ, आंबेगाव, जुन्नरच्या खाचरांत ती वेळेवर पोहोचत नाही, याला अंतर जबाबदार नाही, एवढेच मी म्हणेन.

एक प्रसंग सांगते. जुलै महिना होता, संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. चाळिशीच्या एका बाईंना जीपमधून आणले. चिखलात लावणी करताना घोट्याच्या वर चावले होते; साप दिसला नव्हता, पण कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज ऐकू आला होता, म्हणजे घोणस असण्याचीच शक्यता. भगताकडे जाऊन विष उतरवण्याच्या खटपटीत तीन तास गेले होते. पाय गुडघ्यापर्यंत टरटरून सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त झिरपत होते. आमचे डॉक्टर नवखे होते, पण त्यांनी पहिले काम नेमके केले. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतले, नळी टेबलावर ठेवली आणि घड्याळ लावले. २० मिनिटे तिला कोणी हात लावायचा नाही. या तपासणीला नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही, आणि ती साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो. म्हणून कोऱ्या नळ्यांचे एक पाकीट मी कपाटात कुलूप लावून वेगळे ठेवीत असे आणि त्याबद्दल चेष्टाही सहन करीत असे. २० मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखे वाहिले. गोठलेले नव्हते.

कपाटात १२ कुप्या होत्या. त्यातल्या १० लागणार होत्या. भुकटीत पाणी घातल्यावर कुपी जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून ती दोन्ही तळहातांत धरून, शेवया वळाव्यात तशी, हळूहळू फिरवावी लागते. मी, परिचारिका आणि शिपाई असे तिघेजण पलंगाच्या कडेला बसून कुप्या वळत होतो. डॉक्टरांनी अॅड्रेनालिनची सिरिंज भरून उशाशी ठेवली होती, प्रतिविषाची उलट प्रतिक्रिया आलीच तर द्यायला. सहा तासांनी पुन्हा रक्त घेतले, कारण विष निष्प्रभ झाल्यावरही रक्त गोठवणारे घटक यकृताला पुन्हा तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. रात्री दीडच्या सुमारास नळीत गुठळी दिसली. त्या बाईंना त्याच संध्याकाळी काहीही न देता घाट उतरून पुण्याला पाठवले असते तर त्या वाटेत रक्तस्रावाने गेल्या असत्या की नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नाही, परंतु ‘पुढे हलवले’ एवढ्या दोन शब्दांत मिटवलेल्या अनेक नोंदी मी माझ्या हाताने फाइलला लावल्या आहेत.

१० कुप्या का, याचे गणित साधे आहे आणि ते लोकांना कळले तर ‘एक इंजेक्शन देऊन टाका’ हा हट्ट कमी होईल. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठीच बनते. त्याचा १ मिलिलिटर नागाचे किंवा घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. एका कुपीत १० मिलिलिटर, म्हणजे १० कुप्या मिळून घोणशीचे ६० मिलिग्रॅम विष, आणि घोणस एका दंशात सरासरी साधारण तेवढेच विष सोडते. लहान मुलालाही मात्रा कमी करायची नसते, कारण सापाने टोचलेले विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. मण्यारीच्या बाबतीत घाई आणखी मोठी असते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. तिचे विष मज्जातंतूंच्या टोकांचे जे नुकसान करते ते एकदा झाले की प्रतिपिंडे ते भरून काढू शकत नाहीत. मग कृत्रिम श्वासावर काही दिवस काढणे एवढाच मार्ग उरतो.

नवख्या डॉक्टरांना सापापेक्षा या औषधाची भीती जास्त वाटते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घोड्याची प्रथिने माणसाच्या अंगात गेल्यावर काही जणांना पित्त उठते, धाप लागते, रक्तदाब एकदम घसरतो. आमच्या वेळी त्यासाठी आधी त्वचेवर चाचणी घ्यायची पद्धत होती. ती चाचणी कोणाला त्रास होईल हे सांगू शकत नाही म्हणून आता ती करू नये असे स्पष्ट सांगितले गेले आहे, तरी ती कुठे कुठे अजून चालूच असते आणि तेवढा वेळ फुकट जातो. अॅड्रेनालिन हाताशी असेल आणि ते द्यायला न कचरणारा माणूस जवळ असेल तर बहुतेक वेळा हा त्रास आटोक्यात येतो.

आता कुत्र्याकडे वळते. दोन वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी माझ्या नातवाला भटक्या कुत्र्याने चावा घेतला. उजव्या हाताची दोन बोटे फाटून रक्त आले होते. जखम साबण लावून नळाखाली १५ मिनिटे धुतली आणि जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेले. तिथे धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, रेबीजच्या लसीचा पहिला डोस दंडात दिला, पुढच्या तारखा लिहून दिल्या आणि जायला सांगितले. मी विचारले, ‘जखमेत द्यायची प्रतिपिंडे?’ उत्तर मिळाले, ‘आजी, लस दिली आहे ना, सगळे डोस पूर्ण करा, काही होत नाही.’ नंतर कळले की ते औषध ते ठेवतच नव्हते. मी वाद घातला नाही. मुलाला घेऊन दुसरीकडे, तिथून तिसरीकडे गेले, आणि रात्री अकराच्या पुढे एका ठिकाणी ते मिळाले. तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने मात्र बोटांच्या जखमांभोवती, कडेकडेने, थेंबथेंब करीत ते औषध इतक्या शांतपणे भरले की रडणारा पोरगाही शेवटी तिच्या हाताकडे बघत बसला.

हे औषध का लागते, याचे उत्तर पुन्हा त्या एका शब्दातच आहे. कुत्र्याची लस ही खरोखरच लस आहे, आणि म्हणून तिला वेळ लागतो. त्या एक-दोन आठवड्यांत रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरू शकतो, आणि एकदा तो तिथून मेंदूकडे निघाला की पुढे उपाय नाही. ही फट बुजवण्यासाठी आयती प्रतिपिंडे जखमेतच भरायची असतात. दंडात किंवा कुल्ल्यात देऊन फारसे साधत नाही. त्वचा फाटून रक्त आले असेल, किंवा डोळ्या-तोंडाच्या ओल्या त्वचेला लाळ लागली असेल, तर पूर्वी लस पूर्ण न झालेल्या माणसाला ती दिलीच पाहिजेत, आणि लसीच्या पहिल्या डोसानंतर सात दिवस उलटले तर ती द्यायची नसतात. जखमा अनेक असतील आणि औषध पुरणार नसेल तर त्यात सलाइन मिसळून ते वाढवता येते, पण एकही जखम कोरडी ठेवायची नाही. कुत्रे चावल्यावर ‘लस घेतली का?’ हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. जखमेत काय भरले, हे कोणी विचारत नाही.

ही प्रतिपिंडे घोड्याची असतील तर रुग्णाच्या दर किलो वजनामागे ४० युनिट लागतात, माणसाच्या रक्तातली असतील तर २०. माणसाच्या रक्तातली महाग आणि दुर्मीळ, घोड्याची स्वस्त पण प्रतिक्रियेची भीती असलेली, अशी कात्री वर्षानुवर्षे होती. तिच्यातून सुटण्याचा एक मार्ग पुण्यातच निघाला. सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मॅसबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर तयार केलेल्या रेबीजच्या मोनोक्लोनल प्रतिपिंडाला २०१६ साली आपल्या देशात परवाना मिळाला. मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेले, एकसारखे एक. केंब्रिजमध्ये १९७५ साली क्योलर आणि मिलस्टीन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न मरणारी कर्कपेशी यांचा संकर करून हे तंत्र दाखवले, त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. त्यामुळे आता ना घोडा लागतो ना रक्तदाता. पेशी मोठ्या पात्रांत वाढवल्या की झाले. सीरमच्या औषधाची मात्रा दर किलोला ३.३३ युनिट इतकी कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अशा प्रतिपिंडांच्या वापराला मान्यता दिली. अहमदाबादच्या झायडस कंपनीचे दोन प्रतिपिंडांचे मिश्रणही त्यानंतर आले. आपल्या महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक दवाखान्यात, जिथे लसीचा डबा आहे तिथे, याची कुपीही का असू नये?

एकाऐवजी दोन प्रतिपिंडे का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर करोनाने सर्वांना समजेल असे दिले. मे २०२१ मध्ये दोन प्रतिपिंडांचे ‘कॉकटेल’ भारतात आले, तेव्हा एका रुग्णाच्या मात्रेची किंमत ५९,७५० रुपये होती. लोकांनी कर्ज काढून ते घेतले. वर्ष संपता संपता ओमायक्रॉन आला, विषाणूने आपला चेहरा थोडा बदलला आणि ते औषध निरुपयोगी झाले. मोनोक्लोनल प्रतिपिंड शत्रूचा एकच तीळ ओळखते. तो तीळ पुसला की ओळख संपली. दोन प्रतिपिंडे दोन वेगवेगळे तीळ ओळखतात, म्हणून एक पुसला तरी दुसरा उरतो; ओमायक्रॉनने मात्र दोन्ही पुसले. त्याआधी २०२० मध्ये याच शहरात, बरे झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी मध्यरात्री व्हॉट्सअॅपवर कळवळून संदेश फिरत होते. तोही आयत्या प्रतिपिंडांचाच उपचार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४६४ रुग्णांवर रीतसर चाचणी घेऊन त्याने मृत्यू टळत नाहीत हे दाखवले, तरी उपचाराच्या यादीतून तो निघायला मे २०२१ उजाडावे लागले. मला वाटते, त्या वेळी ‘उशीर झाला की प्रतिपिंडाचा उपयोग नाही’ ही एवढीशी गोष्ट लोकांना ठाऊक असती तर पुष्कळ धावपळ आणि पैसा वाचला असता. निपाहच्या बाबतीत वेगळेच उघडे पडले: २०१८ मध्ये केरळमधला विषाणू ओळखला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, आणि त्याच्यावरचे प्रतिपिंड मात्र ऑस्ट्रेलियातून मागवावे लागले.

साप आणि मोनोक्लोनल या विषयावर गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्या आशादायक बातम्या छापून आल्या, त्याही जरा बेताने घ्याव्यात अशी माझी विनंती आहे. २०२४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी नागकुळातील सापांच्या एका महत्त्वाच्या विषद्रव्याला अडवणारे प्रतिपिंड तयार केले. २०२५ मध्ये अमेरिकेत, सुमारे १८ वर्षे स्वतःला सापांचे विष टोचून घेणाऱ्या एका माणसाच्या रक्तातून दोन प्रतिपिंडे काढून, त्यांना एका औषधाची जोड देऊन, उंदरांवर उत्तम परिणाम मिळाले. (हा प्रकार कोणीही घरी करून पाहू नये, हे आपल्याकडच्या हौशी सर्पमित्रांसाठी वेगळे लिहावे लागते.) मथळे आले ते ‘सर्व सापांवर एकच औषध’ असे. परंतु ही दोन्ही कामे नाग, मण्यार, मांबा यांच्या कुळापुरती आहेत. घोणस आणि फुरसे त्या कुळातले नाहीत. त्यांचे विष रक्तावर आणि ऊतींवर घाला घालते, त्यात अनेक प्रकारची द्रव्ये असतात, आणि एक तीळ ओळखणाऱ्या शिपायाने ती सारी फौज अडत नाही. घोड्याच्या रक्तात मात्र नाना प्रकारची प्रतिपिंडे एकत्र असतात. त्यांतली बरीचशी विषाशी संबंध नसलेली, म्हणूनच कुप्या इतक्या लागतात, पण त्या गर्दीत प्रत्येक विषद्रव्याला कोणी ना कोणी भेटतो. घोडा अजून सुटलेला नाही तो यासाठी.

मग निदान त्या घोड्याला योग्य विष तरी मिळावे. आपल्या देशातल्या उत्पादकांना लागणाऱ्या विषाचा फार मोठा भाग तमिळनाडूत चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतो. पिढ्यान्‌पिढ्या साप ओळखणाऱ्या त्या लोकांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे सुनगर यांच्याच गटाने आणि इतरांनी दाखवून दिले आहे. तमिळनाडूच्या घोणशीच्या विषावर तयार झालेले औषध मावळातल्या घोणशीवर किती चालते, हे आपण इथल्या सापाचे विष घेऊन तपासायला हवे आणि घोड्याला टोचायच्या मिश्रणात तेही घालायला हवे. सह्याद्रीतला हिरवा चापडा किंवा मलबार चापडा चावला तर या चार सापांच्या औषधाचा भरवसा नाही. तिथे कुप्या रित्या करून रुग्णाला घोड्याच्या प्रथिनांचा त्रास मात्र होतो. कात्रजच्या सर्पोद्यानामुळे दोन पिढ्यांच्या पुणेकर मुलांना साप ओळखता येऊ लागले, परवानगी असलेले सर्पमित्र गावोगाव आहेत, औषध बनवणारे इथेच आहेत. वनखाते, आरोग्यखाते आणि कारखाने यांनी एका टेबलाशी बसायचे तेवढे राहिले आहे.

विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्या मुलांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली, प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर वापरून शेकडो जीव वाचवले, आणि पुढे २०११ मध्ये गोळी व विंचवाचे प्रतिविष दोन्ही मिळून दिल्यास रुग्ण लवकर सावरतो हेही रीतसर चाचणीने सिद्ध केले. तालुक्याच्या गावात बसून हे होऊ शकते.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे; त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे ठरवले आणि त्याच वर्षाअखेर प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे राज्यांना कळवले. ठीक आहे. पण चारीकडून पाणी भरलेल्या खाचरात उभ्या असलेल्या माणसाला हवे असते ते एवढेच: जवळच्या कोणत्या दवाखान्यात या क्षणी किती कुप्या आहेत आणि त्या द्यायला कोण हजर आहे. कोविडमध्ये खाटांचा आकडा दररोज संकेतस्थळावर दिसत होता, तर जून ते सप्टेंबर प्रतिविषाच्या कुप्यांचा आणि रेबीजच्या प्रतिपिंडांचा आकडा दाखवायला अडचण काय आहे, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगावे. रुग्ण पुढे पाठवायचाच असेल तर पहिल्या १० कुप्या चढवूनच पाठवावा आणि चिठ्ठीवर वेळ लिहावी, असा लेखी आदेशही निघावा.

आपल्याकडून माझी अपेक्षा दोन ओळींची आहे. यापुढे ‘सर्पदंशाची लस’ ऐवजी ‘प्रतिविष’ छापावे, आणि कुत्रे चावल्याच्या प्रत्येक बातमीत जखमेत प्रतिपिंडे दिली की नाही हे आपल्या वार्ताहरांनी विचारावे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या पानावर दवाखानेनिहाय कुप्यांचा तक्ता देण्याची आपली तयारी असेल, तर दर सोमवारी सकाळी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या औषधभांडारात फोन करून आकडे उतरवून घेण्याचे काम माझ्यासारखे चार-पाच निवृत्त औषधनिर्माण अधिकारी विनामूल्य करतील. आमच्यापैकी तिघींशी माझे बोलणे झाले आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
सिंहगड रस्ता, पुणे